लिहिणाऱ्याला सलाम

७८६
देरा, दुबई
१० नोव्हेंबर १९६७

प्यारी मैमुना खालास,
खैरूचा सलाम.

मी खुशाल आहे. दर ईदेला मी तुला एवढंच लिहितो आणि कागद संपवतो. पुढे काय लिहायचं ते सुचत नाही, किंवा सुचतं आणि हात चालत नाही. आज लांबलचक लिहिणार आहे. चहा ठेव आणि आरामात ऐक.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तू मला घरी आणलंस आणि गनीच्या ताटात जेवायला बसवलंस. गनी तुझा पोटचा, मी बहिणीचा, हे मला गावातल्या लोकांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याच गनीचा उजवा हात मी चालवत असलेल्या गाडीखाली गेला. येत्या जानेवारीत चार वर्षं होतील. मुंबईच्या त्या शर्यतीआधी आम्ही दोघं सरावाला उतरलो होतो. मी स्टिअरिंगवर आणि तो मेकॅनिक म्हणून शेजारी. हे तुला माहीत आहे. पण मी दोन दिवस हॉस्पिटलात बसलो आणि तिसऱ्या दिवशी आगबोट पकडून पळालो, त्याबद्दल तुला एक शब्दही लिहिला नाही.

इथे मी श्रीवर्धनच्या कमरुद्दीन सेठच्या गॅरेजमध्ये आहे. त्यांची लॉरी डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदरापर्यंत नेतो. तिकडे जायला रस्ता नाही. डोंगरातून कोरडी नदी जाते, तिच्या गोट्यांवरून जायचं. मागच्या महिन्यात वरून अचानक पाणी आलं आणि दोन लॉऱ्या अडकल्या. माझी निघाली. सेठनी विचारलं, "खैरू, तू कहाँ सीखा रे हे?" मी सांगितलं, हर्णैच्या पुळणीवर, बैलगाडीवर. ओल कुठे पायाला धरते आणि कुठे गिळते हे आम्हाला मासळीच्या गाड्या हाकताना कळलं. ते खूप हसले, पण त्या दिवसापासून माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

कारण असं की इथे तेलकंपनीच्या कॅम्पातले इंग्रज दर वर्षी शर्यत भरवतात. शारजाच्या वाटेवर सबखा आहे, म्हणजे समुद्राकाठची सपाट खारट जमीन. वरून पापडासारखी कडक, खाली चिखल. तिथे पिंपं मांडून गोल आखतात आणि दहा फेऱ्या मारतात. स्प्रिंट म्हणतात. गाड्या लहान, टप नाही, दारं नाहीत, सीट एकच. सेठनी तशी एक गाडी बांधली आहे. शर्यत बकरी ईदेनंतरच्या शुक्रवारी, १५ मार्चला. ती मी चालवावी असं त्यांचं म्हणणं आहे.

मी नाही म्हटलं. तरी रोज काम संपलं की जाऊन तिच्याकडे बघतो.

खाला, तुझ्यापासून काय लपवू. इतर वेळी मी जो असतो तो मलाच आवडत नाही. चिडका, कुणाशी न पटणारा. अबू धाबीची नोकरी मारामारीत गेली. शर्यतीच्या गाडीत बसलो की तेवढा वेळ मी बरा माणूस असतो. पण आपल्याकडे माणूस हजला निघो की मुंबईला, दारोदार जाऊन बोललंचाललं माफ करा म्हणतो आणि मग पाय उचलतो. मी तेवढंही केलं नाही. गनीने माफ केल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही, हे नक्की. तू त्याला विचारशील? आत्ताच नको, त्याचा मूड बघून. तोवर हे पत्र त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

दोन वर्षांपासून तुझी पत्रं शाळेच्या मास्तरांच्या हातची नसतात. अक्षर उताणं पडतं, म्हणजे गनीची सुरैय्या लिहीत असणार. मोठी झाली पोर. लिहिणाऱ्या सुरैय्याला दुआ.

तुझा
खैरू


हर्णै
२८ नोव्हेंबर १९६७

चिरंजीव खैरूस,
मैमुनाबीची अनेक दुआ.

पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा राग आला. चार वर्षं मी खुशाल आहे, मी खुशाल आहे. अरे, खुशाल माणूस ईदेला दोन ओळी लिहितो का? तुझी लॉरी पाण्यातून निघाली हे मी शेजारच्या मरियमबीलाही सांगितलं. ती म्हणाली, हा पोरगा लहानपणी आमच्या बैलांना मार खाऊ न देता गाडी हाकायचा. तेवढं लोकांच्या लक्षात आहे बघ.

गनी बरा आहे. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. एका हाताने पाना धरतो, दुसरीकडून कुलसुम धरते. नवराबायको दिवसभर एकमेकांवर ओरडतात आणि इंजिन चालू होतं. गिऱ्हाईक हेदवीपर्यंतचं येतं.

गनीला मी विचारू म्हणतोस. मी नाही विचारणार. तुम्ही दोघं एका ताटात जेवलात तेव्हा मी मध्ये हात घातला नाही, आता कशाला घालू? तुझं तू विचार.

गाडीला इंजिन कुठलं बसवलं आहे? वजन किती? पुढच्या चाकांचे नट कोण आवळतो? नट सुटू नये म्हणून त्यातून पिन घालतात, ती नवी घालतो की जुनीच सरळ करून? हे सविस्तर कळव.

सुके बोंबील आणि कोकमं तिकडे नोकरीला निघालेल्या आपल्या गावच्या अन्वरबरोबर पाठवली आहेत. त्याचा पुढच्या आगबोटीने यायचा बेत आहे.

तुझी
खाला


देरा, दुबई
२० डिसेंबर १९६७

प्यारी खालास,
सलाम.

रमजान चालू आहे. अन्वर पोचला, बोंबील पोचले. गॅरेजमध्ये काल इफ्तारनंतर भाजले तर पठाण उठून बाहेर गेले आणि आपली कोकणी माणसं वासावर आत आली. तुझ्या नावाने सगळ्यांनी दुआ केली. खरंच खाला, तुझं पत्र आल्यापासून मी दोन दिवस कुणावर ओरडलो नाही. कमरुद्दीन सेठनी अन्वरला विचारलं, "इसको क्या हुआ? बीमार है क्या?"

तुझे प्रश्न वाचून मला हसू आलं. चाकाच्या नटाची पिन तुला कधीपासून कळायला लागली? गनी घरात बडबडत असणार. इंजिन जुन्या जीपचं आहे, सेठनी आतून सगळं नवं केलंय. वजन काढलं नाही, पण चार माणसं मागून उचलतात. नट शौकत आवळतो. शौकत म्हणजे आमचा दुसरा ड्रायव्हर, मुरुडचा. पिनांचं त्याला विचारलं, तो म्हणाला, "भाय, पिन पिन होती है." म्हणजे जुन्याच वापरतो.

परवा मी गाडीत बसलो. नुसता बसलो, इंजिन चालू केलं. सेठ म्हणाले, "यल्ला खैरू, एक चक्कर." यल्ला म्हणजे अरबीत चल. मी गिअर टाकला आणि पुन्हा काढला. मी उतरलो. सेठनी पाणी आणून दिलं असतं, पण रोजा होता.

आता जे लिहितो आहे ते सुरैय्या, तू हळू आवाजात एकट्या दादीला वाचून दाखव. तुझ्या बाबाला अजिबात नको.

खाला, त्या सरावाच्या आदल्या रात्री मी प्यायलो होतो. सकाळी आलो तेव्हाही तोंडाला वास होता. गनीला तो आला. तो म्हणाला, आज गाडी काढायची नाही. मी त्याला नको ते बोललो. तुझ्या घरात मी उपरा आहे म्हणून तू मला अडवतोस, असं म्हटलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी एकटा जाऊ नये म्हणून बसला, हे मला तेव्हाही कळत होतं. तिसऱ्या वळणावर गाडी उलटली. सगळ्यांना मी सांगितलं, वेग जास्त झाला. तो वेग नव्हता, ती दारू होती. त्यानंतर मी थेंब घेतलेला नाही, पण त्याने हात परत येत नाही.

गनीला मी हे सांगू शकत नाही. त्याला वाटत असेल की नशीब. तसंच वाटू दे. पण तुला सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. तुला आता माझा तिटकारा वाटला तर तसं स्पष्ट लिही.

लिहिणाऱ्या सुरैय्याला पुन्हा दुआ. तिच्यासाठी फ्रॉकचं कापड पाठवतो आहे.

तुझा
खैरू


हर्णै
१२ जानेवारी १९६८

खैरूस,

पत्र मिळालं. ईद बरी झाली. कापड छान आहे. सध्या घरात कामं आहेत, जास्त लिहिता येत नाही.

मैमुनाबी


देरा, दुबई
५ फेब्रुवारी १९६८

प्यारी खालास,
सलाम.

तुझं चार ओळींचं पत्र आलं. त्यात दुआ नव्हती आणि खाला असंही लिहिलं नव्हतंस. मला जे कळायचं ते कळलं. मीच म्हटलं होतं की तिटकारा वाटला तर स्पष्ट लिही. तू शिवी दिली नाहीस हेच पुष्कळ झालं.

त्याच संध्याकाळी मी सेठना सांगितलं, माझं नाव काढा, शौकतला बसवा. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, घरून परवानगी नाही. ते म्हणाले, "अरे, तीस बरस का घोडा आणि घरची परवानगी?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. खलास." त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला हवं होतं, पण तेवढं धाडस झालं नाही.

खोर फक्कानची फेरी चालूच आहे. डोंगर उतरताना सकाळी एकदम समुद्र दिसतो. बंदर लहान आहे, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. मी तिथे लॉरी थांबवून डबा खातो. अगदी हर्णै नाही, पण भाकरी उतरते घशाखाली.

तू मला आईविना वाढू दिलं नाहीस त्याचे आभार मी कधी मानले नव्हते. आज मानतो. आता पुन्हा पत्राची अपेक्षा करणार नाही. ईदेला दोन ओळी मात्र पाठवत जाईन. नाही वाचल्यास तरी चालेल.

लिहिणाऱ्या सुरैय्याला दुआ.

खैरू


हर्णै
२० फेब्रुवारी १९६८

खैऱ्या,

अक्षर ओळखीचं आहे ना? सुरैय्या पाचवीत आहे आणि तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. हे उताणं पडणारं अक्षर माझं. उजवा गेल्यावर डाव्याने शिकलो. दोन वर्षं पाटीवर गिरवलं, मुलीच्या शेजारी बसून. ती माझ्या चुका काढायची.

म्हणजे दोन वर्षं तुझं प्रत्येक पत्र मीच फोडलं, मीच अम्माला वाचून दाखवलं आणि तिने सांगितलं तसं उत्तर मीच लिहिलं. तिला वाटायचं, खैरूने गनीचा हात ओळखला असणार. तू 'लिहिणाऱ्या सुरैय्याला दुआ' लिहायचास ते मी दर वेळी गाळायचो, आणि नोव्हेंबरच्या पत्रातलं 'त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस' हेही गाळलं. कळवायला हवं होतं. पण दुआ फुकट मिळत होती, म्हटलं घेऊ. नटाचे आणि पिनांचे प्रश्नही माझे. अम्माला पिन फक्त साडीची माहीत आहे.

मग तुझं डिसेंबरचं पत्र आलं. अम्मा समोर पाय पसरून बसली होती. 'पण रोजा होता' इथपर्यंत मी मोठ्याने वाचलं, पुढे 'तुझ्या बाबाला अजिबात नको' दिसलं आणि थांबलो. तिला म्हटलं, पुढे शाई सांडली आहे. जानेवारीचं ते चार ओळींचं पत्र तिचं नाही, माझं आहे. तिला विचारलंही नव्हतं. म्हणून त्यात दुआ नव्हती. मी तुझ्यावर रागावलो होतो असं समजू नकोस. मला लिहायला तोंड नव्हतं.

आता नीट वाच. तू प्यायला होतास हे मला त्या सकाळीच कळलं होतं, त्यात तू नवीन काही सांगितलं नाहीस. तुला जे माहीत नाही ते असं. आदल्या संध्याकाळी मी पुढचं डावं चाक ग्रीससाठी उतरवलं. परत चढवलं, नट आवळला, पण पिन वाकवताना तुटली. दुकान बंद झालं होतं. म्हटलं, सकाळी नवी आणून घालू. सकाळी तू आलास, आपलं भांडण झालं, तू मला उपरेपणाचं बोललास आणि माझं डोकं फिरलं. पिन राहिली. गाडी उलटली म्हणून चाक निखळलं असं सगळे म्हणाले. मला विचारशील तर चाक आधी निखळलं. मी त्याच बाजूला बसलो होतो.

हॉस्पिटलात तू दोन दिवस उशाशी बसून माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं म्हणत होतास. मी डोळे मिटून ऐकत होतो. शुद्धीवर होतो. हात गेलेल्या माणसाला कुणी दोष देत नाही, ते मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं, तर तू आगबोटीवर.

जाणारा बोललंचाललं माफ करा म्हणतो तेव्हा राहणाराही म्हणतो, माझंही माफ कर. तू न म्हणता गेलास, त्यामुळे माझंही राहून गेलं. चार वर्षं मला वाटायचं, हा एकदा म्हणू दे, मग मी म्हणेन. तुझं शेवटचं पत्र वाचलं आणि लाज वाटली. दारूने झालं की पिनेने, अल्लाला ठाऊक. तू माझं माफ कर, मी तुझं केलं.

काल अम्माला सगळं सांगितलं. तिने आधी माझ्या कानाखाली दिली, मग ताट वाढलं. म्हणाली, खैरूची कानाखाली शिल्लक आहे, त्याला येऊन घेऊन जायला सांग.

गाडीत बस. शौकतला नटाला हात लावू देऊ नकोस. तू स्वतः आवळ आणि चारही चाकांना नव्या पिना घाल.

तुझा
गन्या


७८६
देरा, दुबई
१६ मार्च १९६८

गन्या,

तुझं पत्र ६ तारखेला मिळालं. गॅरेजच्या मागे टायरांच्या ढिगावर बसून वाचलं. अन्वर दोनदा येऊन बघून गेला, कुणी वारलं की काय म्हणून. मी त्याला सांगितलं, नाही रे, शुक्र आहे अल्लाचा, चांगली खबर आहे. तो म्हणाला, मग असं का बसलास? मी उठलो आणि सेठना शोधायला गेलो.

माझंही माफ कर. तुझं मी माफ केलं. हे लिहिताना विचित्र वाटतं, कारण मनात माफ करण्याजोगं काही सापडत नाही. पण तू म्हणतोस तशी पद्धत आहे, म्हणून म्हणतो.

सेठना मुंबईपासून सगळं सांगितलं. दारूचंही. ते दाढी खाजवत म्हणाले, "सच्ची बात लेट आयी, लेकिन आयी. यल्ला, गाडी निकाल." शौकत तर मला मिठी मारायला आला. त्याला ती गाडी चालवायचीच नव्हती, माझ्यासाठी गप्प राहिला होता. मी त्याचे आभार मानले. आता हे मला जमायला लागलंय.

काल शर्यत झाली. बुधवारी पाऊस पडून गेला होता, त्यामुळे सबखा वरून सुकलेला दिसत होता आणि आत मऊ होता. आठ गाड्या. सगळे पिंपांना चिकटून आतून जायला बघत होते, अंतर कमी पडतं म्हणून. आत जमीन चकाकत होती. बाहेरच्या बाजूला तीच जमीन मळकट काळी होती. तुला आठवतं, ओहोटीला आपण चकाकणाऱ्या ओलीवर बैल कधी घालायचो नाही. मी टायरमधली हवा थोडी कमी केली आणि बाहेरून गेलो. फेरी लांब पडत होती. लोक हसत असतील, मला ऐकू येत नव्हतं. चौथ्या फेरीपर्यंत आतल्या तीन गाड्या रुतल्या.

भीती वाटली का, असं तू विचारशील. पहिल्या फेरीत वाटली. मग मी तुझ्याशी बोलायला लागलो. शेजारी सीट नव्हती तरी बोललो. वळण आलं, सोडू का, धरू का, असं. सहाव्या फेरीत पुढचं डावं चाक एका खळग्यावर उचललं गेलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तेवढ्यात कॅम्पातला एक इंग्रज पुढे निघाला. शेवटपर्यंत मी त्याच्या मागे होतो. दुसरा आलो. सेठ आधी चरफडले, मग म्हणाले, "इन्शाल्ला अगले साल." त्या इंग्रजाने येऊन हात मिळवला आणि विचारलं, ही बाहेरची वाट कुणी शिकवली? मी म्हटलं, माझ्या भावाने आणि मरियमबीच्या बैलांनी. अन्वरने त्याला इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, पण तो टोपी काढून हसला.

पहिला आलो नाही म्हणून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गाडीतून उतरल्यावर पायाखाली जमीन होती आणि कुणाचं काही झालं नव्हतं. मी तिथेच गुडघ्यावर बसलो. लोकांना वाटलं, नमाज पढतोय. तसंही म्हण.

नट मी स्वतः आवळले होते. चारही पिना नव्या, देऱ्यातल्या दुकानातून निवडून आणलेल्या. शर्यत झाल्यावर पुढच्या डाव्या चाकाची पिन काढली, ती या पाकिटात आहे. वाकली आहे, पण तुटलेली नाही. ती तुझी.

सेठ मेमध्ये दोन महिन्यांची रजा देतो म्हणाले आहेत. खालाला सांग, कानाखाली तयार ठेव. आणि हे पत्र तिला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखव. या वेळी काही गाळू नकोस.

लिहिणाऱ्याला सलाम.

तुझा
खैऱ्या